रात्रभर बाहेर, विनाकारण

बाईला रात्री घराबाहेर पडायचं असेल तर कारण लागतं. दवाखाना, बाळंतपण, मयत, रात्रपाळी, लग्नघरची कामं यांपैकी काही सांगता आलं तर उंबरा ओलांडता येतो. कोजागरी, काकडआरती, जागरण-गोंधळ हेही चालतं, कारण तिथे देव असतो आणि घरचे पुरुष असतात. पण 'सहज', 'मजा म्हणून', 'आकाश बघायला' असं उत्तर दिलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि विचारतो, "बरोबर कोण आहे?" या प्रश्नातला 'कोण' नेहमी पुल्लिंगी असतो.

गेल्या माघ अमावास्येला आम्ही पाच मैत्रिणींनी अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पुढच्या डोंगरांतल्या एका पठारावर रात्र काढली. शिबिर नव्हतं, सर्वेक्षण नव्हतं, कुणाची केस नव्हती. तारे बघायचे आणि त्यांचे फोटो काढायचे एवढाच बेत होता. पाचजणींत मी संघटनेची कार्यकर्ती. बाकीच्यांत एक सरकारी दवाखान्यात परिचारिका, एक एसटीत कंडक्टर, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आणि एक बँकेतून निवृत्त झालेली. वयं चाळीसपासून सदुसष्टपर्यंत. कॅमेरा या सदुसष्टवालीचा. निवृत्तीच्या पैशांतून तिने तो घेतला तेव्हा घरच्यांना वाटलं, नातवंडांचे फोटो काढायला घेतला असेल. तिने कॅमेऱ्याबरोबर ट्रायपॉडही घेतला आणि रात्री गच्चीवर जाऊन बसू लागली, तेव्हा घरात पहिली कुजबुज झाली.

मुक्कामाची सोय बघताना मी चार-पाच तंबूवाल्यांना फोन केले. एकाने सांगितलं, नुसत्या बायकांचा ग्रुप आम्ही घेत नाही, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? दुसऱ्याने अदबीने विचारलं, "एखादे सर असतील ना तुमच्याबरोबर?" आमच्यातली परिचारिका रात्रपाळीला एकटी चाळीस पेशंटांचा वॉर्ड सांभाळते. तिची जबाबदारी घ्यायला एखादे सर हवेत, हे तिला त्या फोनमुळे कळलं. शेवटी ओळखीच्या बचत गटातल्या एका मावशींच्या घरी सोय झाली. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "भाकरी नाचणीची चालंल का तांदळाची?"

जाताना गाडीत आम्ही एक हिशेब मांडला. आजवर प्रत्येकीने किती रात्री जागून काढल्या? परिचारिकेच्या बावीस वर्षांच्या रात्रपाळ्या. कंडक्टर मैत्रिणीच्या मुक्कामी गाड्यांच्या रात्री, अनोळखी गावात, संडासाची सोय आहे का याची आधी चौकशी करून काढलेल्या. शिक्षिकेच्या दोन बाळंतपणांनंतरच्या रात्री आणि निवडणुकीच्या कामाच्या. निवृत्त मैत्रिणीने सासूबाईंच्या अंथरुणाशी घालवलेली तीन वर्षं. माझ्या पोलीस ठाण्यातल्या रात्री. सगळ्यांच्या मिळून हजारो रात्री निघाल्या. त्यांतली स्वतःसाठी जागलेली एकही नव्हती.

तेव्हा बाईने रात्री जागू नये असं समाजाला वाटतं, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. दुसऱ्याच्या कामासाठी तिने जागायला त्याची कधी हरकत नव्हती. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ६६व्या कलमाने स्त्रियांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात कारखान्यात कामाला ठेवायला मनाई केली. हेतू संरक्षणाचा होता. पण हे संरक्षण कारखान्याच्या फाटकापाशी संपत होतं. दवाखान्यातली आया, पहाटे बंदरावर मासळीसाठी जाणारी कोळीण, रात्री-अपरात्री उसाची मोळी वाहणारी तोडकामगार बाई यांच्या रात्रीची काळजी त्या कलमाला नव्हती. महाराष्ट्राने २०१५ साली या कायद्यात दुरुस्ती करून, सुरक्षिततेच्या अटी घालून, स्त्रियांना रात्रपाळीची मुभा दिली. कामाच्या रात्रीसाठी कायदा बदलला. बिनकामाची रात्र कुठल्याच कायद्याने नाकारलेली नाही, तरीही ती मिळत नाही.

आकाश ही पुरुषांच्या अभ्यासाची गोष्ट, असाही एक समज आहे. मावशींच्या खळ्यावर अंथरूण टाकून पडलो आणि तो पहिल्या तासाभरातच निकालात निघाला. पुस्तकातलं मृग नक्षत्र मी त्यांना दाखवायला गेले, तर त्या म्हणाल्या, "ते तिकांडं होय! आम्हाला घड्याळ कुठं होतं? थंडीच्या दिसांत तिकांडं कलंडलं का निजायचं आणि शुक्कर उगावला का जातं धरायचं." सप्तर्षी हे त्यांचं बाजलं. चार तारे म्हातारीच्या खाटेचे पाय आणि मागचे तीन ती पळवायला आलेले चोर. म्हातारी जागी आहे म्हणून चोरांना अजून खाट नेता आलेली नाही, असं त्यांनी आम्हाला समजावलं. जात्यावर बसणाऱ्या, पाण्याला जाणाऱ्या, उजाडण्याआधी झाडाआड जाऊन येणाऱ्या बायकांना आकाश पाठ होतं. ते ज्ञान कुणी ज्ञान म्हणून मोजलं नाही, कारण ते कामाच्या ओघात आलेलं होतं.

पोथ्यांतलं आकाशही बायकांनी एकदा नीट वाचावं. लग्नात नवऱ्याने नवरीला अरुंधती दाखवायची रीत आहे. सप्तर्षींतल्या वसिष्ठाला चिकटून दिसणारा तो बारीक तारा. तिच्यासारखी नवऱ्याजवळ राहा, हा त्यातला उपदेश. पण ऋषी सात आणि बायको एकीचीच, असं का? महाभारताच्या वनपर्वात त्याचं उत्तर आहे. उरलेल्या सहा ऋषींना आपापल्या बायकांच्या चारित्र्याचा संशय आला आणि त्यांनी त्यांना टाकून दिलं. त्या सहाजणी म्हणजे कृत्तिका. संशय खोटा होता, हे कळल्यावरही त्यांना परत घेतलं गेलं नाही. माघाच्या संध्याकाळी रात्र पडल्यावर बघा, कृत्तिकांचा पुंजका पश्चिमेकडे झुकलेला असतो आणि त्याच वेळी ईशान्येला सप्तर्षी उगवत असतात. परित्यक्तांचा प्रश्न आपल्या चळवळीने ऐंशी-नव्वदच्या दशकांत महाराष्ट्रात ऐरणीवर आणला. तो आकाशात इतक्या उघडपणे मांडलेला आहे, हे आपल्याला कुणी दाखवलं नव्हतं. दाखवायचा तारा म्हणून फक्त अरुंधती निवडली गेली.

आता फोटोंविषयी. आकाशाचा फोटो काढायला कॅमेऱ्याचा पडदा पंचवीस सेकंद उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात डोळ्यांना न दिसणारा उजेडही आत साठत जातो. त्याहून जास्त वेळ ठेवला तर पृथ्वी फिरत असल्यामुळे ताऱ्यांचे ठिपके लांबट येतात. आमच्या मैत्रिणीने १८ मिलिमीटरची लेन्स लावली, आयएसओ ३२०० केला, व्याधावर हाताने फोकस साधला आणि आम्हाला एकेकीला बटण दाबायला दिलं. मग कॅमेरा उत्तरेला वळवून तीन तास एकामागून एक फोटो घेत ठेवला. ते एकावर एक चढवले की ध्रुवाभोवती ताऱ्यांची वर्तुळं उमटतात, दर तासाला पंधरा अंशांची. ध्रुव क्षितिजापासून जितका अंश वर, तितके आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला. अकोल्याच्या डोंगरातून तो जेमतेम साडेएकोणीस अंशांवर दिसतो. शाळेत हे वाक्य पाठ केलं होतं. शिक्षिका मैत्रिणीने हात लांब करून मुठीने ते मोजलं आणि म्हणाली, "सोमवारी वर्गात हे करून दाखवते."

आकाशाच्या फोटोंचा आणि बायकांचा संबंध जुना आहे. अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत १८८०च्या दशकापासून काचेच्या पट्ट्यांवर आकाशाचे फोटो काढले जात. रात्री दुर्बिणीपाशी पुरुष असत. दिवसा त्या काचा वाचायला, ताऱ्यांची नोंद आणि गणितं करायला बायका असत, तासाला पंचवीस सेंटच्या आसपास मजुरीवर. त्यांतली विल्यमिना फ्लेमिंग स्कॉटलंडहून आलेली, गरोदरपणात नवऱ्याने टाकलेली बाई. वेधशाळेच्या संचालकांच्या घरी ती मोलकरीण होती. १८८८ साली घेतलेल्या एका काचेवर मृगाच्या तिकांड्याजवळ तिला उजळ धुक्यात एक काळी खाच दिसली. आज जग तिला अश्वमुख तेजोमेघ म्हणून ओळखतं. खगोलशास्त्राच्या सूचीत या शोधाची पहिली नोंद झाली तेव्हा तिचं नाव गाळून संचालकांचं घातलं गेलं. त्याच वेधशाळेतल्या हेन्रिएटा लेव्हिटने अशाच काचांवरून १९१२ साली रूपविकारी ताऱ्यांचा एक नियम मांडला. ताऱ्याचा उजेड कमीजास्त व्हायला किती दिवस लागतात त्यावरून तो मुळात किती तेजस्वी आहे हे कळतं आणि त्यावरून त्याचं अंतर काढता येतं. देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे पुढे या नियमामुळेच सिद्ध झालं.

रात्री प्रत्यक्ष दुर्बिणीपाशी जायची परवानगी मात्र बायकांना फार उशिरा मिळाली. मार्गारेट बर्बिज यांना १९४५ साली अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेसाठीची शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली. पुढे ती शिष्यवृत्ती त्यांच्या नवऱ्याला मिळाली आणि त्या त्याच्या मदतनीस म्हणून तिथे निरीक्षणं करू लागल्या. पालोमारच्या दुर्बिणीवर अधिकृत परवानगी मिळालेली पहिली स्त्री व्हेरा रुबिन, साल १९६५. बायकांना तिथे न घेण्याची सबब काय होती? वेधशाळेत बायकांसाठी संडास नाही! रुबिनबाईंनी कागदाचा झगा कापला आणि संडासाच्या दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवला. झाला बायकांचा संडास. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेतल्या बायका हाच प्रश्न महापालिकेला विचारत आल्या आहेत. सार्वजनिक जागेत बाईचं असणं गृहीतच धरायचं नसेल, तर संडास बांधला जात नाही. आणि मग संडास नाही म्हणून बाईने येऊ नये, असं सांगितलं जातं. आज चिलीतल्या एका नव्या वेधशाळेला रुबिनबाईंचं नाव आहे. जगातला सर्वांत मोठा डिजिटल कॅमेरा तिथे बसवला आहे आणि जून २०२५ मध्ये त्याचे पहिले फोटो प्रसिद्ध झाले.

आपल्याकडच्या बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंगच्या डोंगरात फोटोच्या काचा ठेवून विश्वकिरणांचा अभ्यास केला. १९४९ साली त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या, तिथल्या पहिल्या स्त्री संशोधक म्हणून. हयातीत त्यांना फारसं कुणी ओळखलं नाही. २०१९ साली सिंह राशीच्या दक्षिणेकडच्या एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळालं. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. मध्यरात्री सिंह डोक्यावर आला तेव्हा आम्ही त्या बाजूला कॅमेरा रोखला. मावशींनी विचारलं, "न दिसणाऱ्या चांदणीचा फोटू कशाला?" कंडक्टर मैत्रीण म्हणाली, "आपलं माणूस आहे, म्हणून."

इथपर्यंत सगळं सुखाचं होतं. अडचणीचा प्रश्न पुढे आहे आणि तो आपल्या चळवळीलाच विचारायचा आहे.

उत्तरेच्या त्या फोटोंत ध्रुवाच्या खाली पिवळट उजेडाचा एक फुगवटा आला. तो नाशिकचा उजेड, पन्नासेक किलोमीटरवरून आलेला. २०१६ साली शास्त्रज्ञांनी जगाचा जो नकाशा केला, त्यानुसार जगातले ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक अशा उजळलेल्या आकाशाखाली राहतात आणि तिघांतल्या एकाहून जास्त माणसांना आकाशगंगा घरून दिसतच नाही. ताऱ्यांसाठी अंधार हवा. आणि आपण, बायकांच्या संघटना, गेली कित्येक वर्षं दिवे मागतो आहोत. वस्तीत दिवा हवा, बसथांब्यावर हवा, संडासाच्या वाटेवर हवा. अशा कितीतरी निवेदनांवर माझी सही आहे आणि ती मागणी रास्तच आहे. मग ताऱ्यांसाठी अंधार मागणारी बाई आणि वाटेवर दिवा मागणारी बाई एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत का?

मावशींच्या गावाने याचं उत्तर सुचवलं. गावाच्या टोकाला मैदानात उंच खांबावर चार प्रखर दिवे लागले आहेत. 'महिलांच्या सुरक्षेसाठी' म्हणून लागले. संडास बांधलेले आहेत, पण होळीनंतर त्यांना पाणी नसतं, तेव्हा बायका पूर्वीसारख्याच बाहेर जातात. पूर्वी मैदानाच्या कडेच्या झुडपांआड आडोसा मिळायचा. आता तिथे दिवसासारखा उजेड असतो आणि खांबाखाली पोरं मोबाईल घेऊन बसतात. बायकांना अर्धा कोस पलीकडे, ओढ्याच्या उतारावर जावं लागतं, जिथे पायाखालची वाटही दिसत नाही. दिवा लावताना एकाही बाईला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी आधी पाणी मागितलं असतं आणि मग ओढ्याच्या वाटेवर लहानसा दिवा.

नुसता प्रखर उजेड म्हणजे सुरक्षितता नाही. झगझगीत दिव्याखाली उभ्या असलेल्या बाईला दिव्यापलीकडच्या काळोखात कोण आहे ते दिसत नाही. त्या माणसाला ती मात्र स्वच्छ दिसते. दरवर्षीची सरकारी आकडेवारी सांगते की नोंदलेल्या बलात्कारांपैकी दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. तो रस्त्यावरच्या अंधारातून येत नाही. तो घरातला, शेजारचा, कामाच्या ठिकाणचा असतो, जिथे दिवे लागलेलेच असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात डॉक्टर तरुणीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, तो एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, ती कामावर असताना. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री बंगालभर हजारो बायका 'रात्र आमची' म्हणत रस्त्यावर उतरल्या. त्यानंतर राज्य सरकारने काय केलं? शक्यतो स्त्रियांना रात्रपाळी देऊ नये, असं मार्गदर्शक तत्त्व काढलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्यावर ताशेरे ओढले, तेव्हा कुठे सरकारने ते बदलण्याचं कबूल केलं.

हे काही नवं नाही. यॉर्कशायरमध्ये एक खुनी बायकांना मारत सुटला होता, तेव्हा इंग्लंडच्या पोलिसांचा सल्ला हाच होता की बायकांनी रात्री बाहेर पडू नये. नोव्हेंबर १९७७ मध्ये लीड्स आणि इतर शहरांतल्या बायका रात्री मोर्चे काढून रस्त्यावर आल्या. खून पुरुष करतो आणि संचारबंदी बायकांवर का, हा त्यांचा प्रश्न होता. जवळजवळ पन्नास वर्षं होत आली, तो प्रश्न जुना व्हायला तयार नाही.

रात्री बाईला सुरक्षित वाटतं ते आजूबाजूला माणसं असल्यामुळे, आणि त्या माणसांत इतर बायका असल्यामुळे. शेवटची एसटी वेळेवर आली, चहाची टपरी एखादी बाई चालवत असली, संडास रात्री कुलूपबंद नसला, पोलीस ठाण्यात तक्रार घेताना 'इतक्या रात्री तिथे काय करत होतीस' असं विचारलं गेलं नाही, तर रात्र राहण्याजोगी होते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईचा अभ्यास करून २०११ साली लिहिलेल्या 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात हेच मांडलं आहे. बाईला हेतूशिवाय रेंगाळता आलं पाहिजे, आणि जितक्या जास्त बायका रेंगाळतील तितकं शहर सगळ्यांना मोकळं होईल. मला ते शहरापुरतं ठेवायचं नाही. माळरान, पठार, समुद्रकिनारा, गावाबाहेरचं देऊळ, इथेही बायकांना विनाकारण बसता यावं.

दिवा आणि अंधार दोन्ही एकाच वेळी मिळू शकतात, याची उदाहरणं आपल्याच देशात आहेत. लडाखमध्ये हानले इथे डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे एक हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश अंधारं आकाश राखण्यासाठी अधिसूचित झाला. तिथल्या गावकऱ्यांना दुर्बिणी देऊन, पाहुण्यांना आकाश दाखवायचं प्रशिक्षण देण्यात आलं. त्यांत बहुसंख्य बायका आहेत. रात्री आकाश दाखवणं हा त्यांचा रोजगार आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आजूबाजूच्या गावांतले दिवे काढून टाकले नाहीत, त्यांची तोंडं जमिनीकडे केली. उजेड वाटेवर पडतो, आकाशात फुकट जात नाही आणि डोळ्यांवर येत नाही. चालणाऱ्या बाईलाही तोच दिवा सोयीचा असतो. चौकातला उंच प्रखर खांब ठेकेदाराच्या आणि उद्घाटनाच्या सोयीचा असतो, एवढंच.

म्हणून माझं सुचवणं आहे की आपण आपली निवेदनं थोडी बदलूया. नुसते 'दिवे लावा' असं म्हणू नये. कुठे, किती उंचीवर, कुठल्या दिशेने, हे त्या वाटेने जाणाऱ्या बायकांना विचारून ठरवा, असं म्हणावं. दिव्याबरोबर पाणी असलेला आणि रात्रभर उघडा असणारा संडास मागावा. रात्रीच्या गाड्या मागाव्यात. आणि बायकांना बाहेर पडू नका असं सांगणारं कुठलंही परिपत्रक, वसतिगृहाच्या साडेसातच्या कुलपापासून ते सरकारी मार्गदर्शक तत्त्वापर्यंत, सुरक्षिततेचा उपाय म्हणून आपण मान्य करू नये.

काही मैत्रिणी म्हणतील, हे सगळं पोट भरलेल्यांचं खूळ आहे. उसाच्या फडावर पालात राहणारी बाई रोजच ताऱ्यांखाली झोपते, तिला विचारा आकाश किती सुंदर आहे. हा आक्षेप मी डोक्याबाहेर टाकत नाही. छप्पर नाही म्हणून आकाशाखाली असणं आणि छप्पर असताना आपल्या मनाने आकाशाखाली येणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण म्हणूनच ऊसतोड बाईला फक्त छप्पर मागायचं आणि मौज आपल्यासाठी राखून ठेवायची, हा न्याय मला पटत नाही. कष्टकरी बाईच्या वतीने बोलताना आपण तिची भूक, तिची मजुरी, तिचं आजारपण मोजतो. तिला काय आवडतं हे विचारत नाही. मावशी त्या रात्री आमच्याबरोबर पहाटेपर्यंत जागल्या. साडेचारच्या सुमाराला मूळ नक्षत्रापाशी आकाशगंगेचा दाट पट्टा वर आला, तेव्हा कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांनी तो पाहिला. पन्नास वर्षं त्या वेळी त्यांच्या हातात जात्याचा खुंटा नाहीतर डोक्यावर हंडा असायचा. "नुसतं बसून पाहिलं नव्हतं कधी," त्या म्हणाल्या. या वाक्यात जे मागणं आहे ते मजुरीच्या मागणीइतकंच न्याय्य आहे, असं मी मानते. विश्रांती आणि मौज या गोष्टी सगळे प्रश्न सुटल्यावर द्यायचं बक्षीस असतील, तर बायकांच्या वाट्याला त्या कधीच येणार नाहीत.

तर मैत्रिणींनो, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतची कुठलीही अवस धरा. चार-पाचजणी जमा. गावातल्या एखाद्या बाईच्या घरी उतरा, तिला रीतसर पैसे द्या आणि तिलाही बरोबर घ्या. सतरंजी, स्वेटर, पाणी, आणि विजेरीला बांधायला लाल जिलेटीन कागद न्या, कारण पांढऱ्या उजेडाने दिपलेले डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. कॅमेरा नसला तरी चालेल, साधी दुर्बीण असली तर उत्तम. कृत्तिका आधी शोधा, अरुंधती मागून.

घरी विचारतील, कशाला जातेस? आकाश बघायला, एवढंच सांगा. शिबिर आहे, मीटिंग आहे, मैत्रीण आजारी आहे, असं काही जोडू नका. त्यावर काय उत्तर मिळालं, ते मात्र आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा ठेवली आहे.